अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या मंडळ्यांची दफ्तरे: पूर्वजांचा शोध कसा घ्यावा

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातला कुणी पणजोबा-खापरपणजोबांचा माग काढायला निघाला, की आधी बाप्तिस्म्याची वही मागतो. नाव सापडले तर पानाचा फोटो काढतो, नाही सापडले तर हात हलवत परततो. दोन्ही वेळा शोध अर्ध्यावर राहतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने उभ्या केलेल्या मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्च, काँग्रिगेशनल पद्धतीच्या होत्या आणि या पद्धतीत सभासदांची सभा हीच सर्वोच्च. कुणाला सभासद करून घ्यायचे, कुणाला प्रभुभोजनापासून (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीपासून) थांबवायचे, पाळक म्हणजे धर्मगुरू कुणाला नेमायचे, हे सभेपुढे येई आणि सभेच्या वहीत लिहिले जाई. त्यामुळे तुमच्या पूर्वजाबद्दलचा सगळ्यात बोलका मजकूर बाप्तिस्म्याच्या एका ओळीपेक्षा सभावृत्तात असण्याची शक्यता जास्त. शोधाची आखणी हे धरूनच करायला हवी.

थोडा इतिहास लागतोच, कारण कोणता कागद कुठे गेला हे त्यावरून कळते. हे मिशन चालवणाऱ्या बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे (स्थापना १८१०) गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले. नगरचे ठाणे, म्हणजे मिशनचे केंद्र, १८३१ च्या अखेरीस सुरू झाले आणि तिथली पहिली मंडळी १८३३ मध्ये स्थापन झाली. १८५४ मध्ये हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच सुमारास, १८५४-५५ मध्ये, बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात पाहणीला आले होते. गावोगावच्या मंडळ्या लवकर स्वतःच्या पायावर उभ्या राहाव्यात, त्यांचे पाळक त्यांच्यातलेच असावेत, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्या दशकांत नगरच्या आजूबाजूला लहान लहान मंडळ्या वाढल्या त्यामागे हा विचार आहे. प्रत्येक मंडळी स्वतंत्र, म्हणून प्रत्येकीचे दफ्तरही स्वतंत्र.

आधी मंडळी कोणती, हे ठरवा

ही पायरी लोक गाळतात आणि पुढे महिने वाया जातात. नगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात एकच मिशन नव्हते. अमेरिकन मिशन सगळ्यात जुने. १८७० च्या दशकात इंग्लंडच्या चर्चचे एसपीजी मिशन नगरमध्ये आले आणि त्याच दशकाच्या अखेरीस राहुरीजवळ केंदळ भागात कॅथलिक जेझुइट धर्मगुरूंचे काम सुरू झाले. पलीकडे जालन्याला स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे नारायण शेषाद्री होते, तर नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीची (सीएमएस) शरणपूर ही वसाहत. एकाच गावातली दोन भावांची घरे दोन मिशनांत गेली, असे घडलेले आहे. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) आणि कॅथलिक दफ्तरांची घडण निराळी. तिथे बिशप आहे, त्याच्याकडे वरपर्यंत जाणारी नोंद आहे. काँग्रिगेशनल मंडळीत वर कुणीच नाही, म्हणून मूळ वही मंडळीतच राहायची.

मंडळी ठरवण्यासाठी घरातल्या मोठ्या माणसांना तीन प्रश्न विचारा. लग्ने कोणत्या देवळात (चर्चच्या इमारतीत) लागायची? आजोबा कोणत्या शाळेत किंवा बोर्डिंगात होते? मूळ गाव कोणते आणि त्या गावाला कुठल्या ठाण्यावरून पाळक किंवा शिक्षक यायचे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे. नेवासे तालुक्यातल्या गावांचे धागे बहुधा वडाळ्याकडे जातात. तिथे सॅम्युएल फेअरबँक यांनी कित्येक वर्षे काम केले. त्याशिवाय राहुरी, पुणे जिल्ह्यातले शिरूर, सोलापूर, सातारा, भुईंज अशी ठाणी होती. गावाच्या तालुक्याची जुनी हद्दही तपासा. आजचा श्रीरामपूर तालुका तेव्हा नव्हता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अहमदनगरवरचा सतरावा खंड १८८४ चा आहे. जुने तालुके आणि गावांची तेव्हाची नावे त्यात मिळतात. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी जुन्या सूच्या आणि परदेशातले संग्रह धुंडाळताना जुनेच नाव वापरावे लागेल.

वहीपर्यंत पोहोचणे

१९२४ मध्ये या भागातल्या काँग्रिगेशनल मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात सामील झाल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा त्या त्यात आल्या. म्हणून आज विचारणा करायची ती चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या (सीएनआय) त्या त्या पास्टरेटकडे, म्हणजे पाळकाच्या हाताखालच्या स्थानिक विभागाकडे. नगर जिल्हा नाशिक धर्मप्रांतात येतो. पण धर्मप्रांताच्या कार्यालयात सगळ्या जुन्या वह्या एकत्र असतील असे गृहीत धरू नका. आधी स्थानिक पाळकांना भेटा. लेखी अर्ज द्या आणि त्यात कुणाचा शोध, कोणती वर्षे, फोटो काढायचे आहेत का, हे स्पष्ट लिहा. निर्णय बहुतेक वेळा पास्टरेट कमिटी घेते, तेव्हा तिच्या बैठकीपर्यंत थांबायची तयारी ठेवा. देवळात वही नसेल तर जुन्या पाळकांच्या आणि पंचांच्या घरी चौकशी करा. एखाद्या पंचाच्या घरातल्या लोखंडी पेटीत वही जपून ठेवलेली असते आणि त्या घराला तिचे मोलही माहीत असते.

भेटीला जाताना मऊ पेन्सिल, वही, भरलेला फोन आणि एक स्वच्छ सुती कापड पुरे. शाईचे पेन दफ्तराजवळ आणू नका. हात धुऊन कोरडे करा, हातमोज्यांची गरज नाही. मोज्यांमुळे बोटांना कागदाची कड कळत नाही आणि पान फाटते. वही पूर्ण उघडत नसेल तर दाबू नका, दोन्ही बाजूंना गुंडाळलेली कापडे ठेवून तिला टेकू द्या. जुनी काळी-तपकिरी शाई बऱ्याचदा लोहाची असते. कालांतराने ती कागद खाते आणि अक्षराच्या जागी भोक पडते. अशा पानावर बोट फिरवत वाचू नका.

फोटो काढताना मुखपृष्ठापासून सुरुवात करा आणि कोरी पानेही सोडू नका. क्रमाने काढलेले फोटो हीच पुढे त्या वहीची प्रत ठरते. नुसत्या आपल्या नावाच्या पानाचा फोटो काही महिन्यांनी कुठल्या वहीतला, कुठल्या वर्षाचा, हेही सांगता येत नाही. फिकट अक्षरांसाठी फ्लॅश बंद ठेवा आणि खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या.

मंडळीला तुमच्याकडून एक उपयोगाचा सल्लाही देता येईल. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, वही लॅमिनेट करू नका आणि पावसाळ्यात भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. ओल, कसर आणि वाळवी यांनी आपल्याकडची जितकी दफ्तरे खाल्ली तितकी कुणी चोरली नसतील. सुती कापडाचे बासन आणि जमिनीपासून उंच, हवेशीर फळी एवढ्यानेही वहीचे आयुष्य पुष्कळ वाढते.

वही वाचावी कशी

सगळ्यात आधी पहिली दहा-बारा पाने वाचा. काँग्रिगेशनल मंडळी एका करारावर उभी राहते. आपण कशावर विश्वास ठेवतो आणि एकमेकांशी कसे वागू, हे सभासद लेखी मान्य करतात. म्हणून अशा मंडळीच्या जुन्या वहीच्या आरंभी विश्वासाची कबुली, करार आणि मूळ सभासदांची नावे असण्याची शक्यता मोठी. तुमचे गाव मूळ मंडळीतून फुटून वेगळे झाले असेल तर ती नावे आधी मोठ्या मंडळीच्या वहीत असतील आणि एका ठरावीक तारखेला सगळी एकदम तिथून निघालेली दिसतील. ती तारीख टिपून ठेवा. गावच्या मंडळीचा जन्म त्याच दिवशीचा.

त्यानंतर सभासदांची यादी. इथे एक भेद नीट समजून घ्या. या पद्धतीत सभासदांच्या तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा होतो, पण ते मूल पूर्ण सभासद होत नाही. मोठेपणी त्याने मंडळीपुढे स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली द्यायची, सभेने ती मान्य करायची, मग प्रभुभोजनात भाग. म्हणजे ख्रिस्ती घरात जन्मलेल्या माणसाच्या दोन वेगळ्या तारखा असतात आणि त्यांत पंधरा-वीस वर्षांचे अंतर असू शकते. प्रौढपणी आलेल्या माणसाचे दोन्ही बहुधा एकाच दिवशी. एकाच नावाच्या दोन नोंदी दिसल्या की आपण दोन माणसे समजतो, आणि वंशावळीत एक पिढी उगाच वाढते. अशा वेळी आधी हा भेद आठवा.

'पत्राने आला' किंवा 'पत्र देऊन गेला' अशी नोंद दिसली की समजा, शोधाला दुसऱ्या गावाचा दरवाजा उघडला. सभासद गाव बदलायचा तेव्हा जुनी मंडळी नव्या मंडळीला शिफारसपत्र द्यायची. नगरहून मुंबईच्या भायखळ्याला, शिरूरला किंवा सोलापूरच्या गिरणीच्या कामाला गेलेले कुटुंब अशा नोंदींतून पावलापावलाने सापडते. निघालेल्या गावची तारीख आणि पोहोचलेल्या गावची तारीख यांत काही महिन्यांचे अंतर असेल तर गोंधळू नका. पत्र खिशात ठेवून माणूस आधी बिऱ्हाड लावायचा, सभा नंतर भरायची.

आता सभावृत्त. हीच वही वाचायला वेळ लागतो आणि हीच सर्वांत श्रीमंत. नव्या उमेदवाराला सभेपुढे काय विचारले, त्याने काय सांगितले, कुणी त्याच्याबद्दल साक्ष दिली, निर्णय पुढे ढकलला का. शिस्तीची प्रकरणेही इथेच: जुन्या देवाच्या विधीत भाग घेतला, मुलाचे लग्न हिंदू रीतीने लावले, दारू, भांडण, रविवारी काम. आधी समज, मग काही काळ प्रभुभोजनापासून दूर, मग बहिष्कार, आणि बऱ्याच वेळा पश्चात्तापानंतर पुन्हा स्वीकार. या नोंदी वाचताना त्या माणसाची बाजू विसरू नका. गावकीच्या कामात बांधलेल्या महार किंवा मांग कुटुंबाला गावच्या जत्रेत आपले काम नाकारणे म्हणजे बलुत्यावर पाणी सोडणे होते. 'दोन वर्षे दूर ठेवला' या चार शब्दांमागे किती ताण असेल, हे सभावृत्ताची आधीची आणि नंतरची पाने वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून नावाची ओळ सापडली तरी आजूबाजूचे किमान एक वर्ष सलग वाचा.

नावांबद्दल. अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांत बाप्तिस्म्याला नाव बदलण्याची सक्ती नव्हती. हरि, रामकृष्ण, नारायण हीच नावे पुढे चालत राहिली. त्यामुळे नावावरून माणूस ख्रिस्ती होता की नव्हता हे ठरवू नका. आडनावे मात्र फार सैल. जुन्या नोंदीत 'भागोबा बिन सखाराम' असे असेल तर सखारामाचा मुलगा भागोबा. 'कोम' किंवा 'भ्र.' दिसले तर पुढचे नाव नवऱ्याचे. 'मौजे' म्हणजे गाव, 'सा.' म्हणजे राहणार. तेच घराणे एका पानावर गावच्या नावाने, दुसऱ्यावर जातीच्या नावाने आणि तिसऱ्यावर आजच्या आडनावाने येऊ शकते. स्त्रियांचा शोध नवऱ्याच्या नोंदीपासून सुरू न करता तिच्या माहेरच्या मंडळीपासून करून पाहा. लग्नाआधीची तिची कबुलीची नोंद तिथे तिच्या स्वतःच्या नावाने असते.

मजकूर मोडीत लागला तर घाबरू नका. राज्याचे पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात. नुसती नावे आणि तारखा लावण्याइतकी मोडी सरावाने येते.

दुष्काळाची वर्षे वेगळी काढून ठेवा: १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९००. या वर्षांभोवती बाप्तिस्म्यांची संख्या एकदम वाढते आणि नोंदी त्रोटक होतात. अनाथ म्हणून मिशनच्या आश्रयाला आलेल्या मुलांच्या आईबापांच्या जागी बऱ्याचदा काहीच नसते, आणि असे मूल तुमच्या घराण्याचे मूळपुरुष असेल तर मंडळीची वही तिथे संपते. अशा वेळी अनाथगृहाची आणि शाळेची रजिस्टरे शोधा. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मूळ गाव, अंदाजे वय किंवा सोबत आलेल्या भावंडाचे नाव राहून गेलेले असू शकते. वय मात्र अंदाजाचेच समजा.

बॉस्टनला गेलेले कागद

मिशनरी दर काही आठवड्यांनी बोर्डाला पत्रे लिहीत. ती पत्रे जपली गेली, आणि आज ती हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. आशियातल्या मिशनांचा पत्रव्यवहार तिथे 'एबीसी १६' या क्रमांकाखाली लावलेला आहे. त्याच्या मायक्रोफिल्म मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मिळतात. बोर्डाचे मासिक 'मिशनरी हेरल्ड' आणि वार्षिक अहवाल मात्र हाथीट्रस्ट आणि इंटरनेट आर्काइव्हवर घरबसल्या, फुकट वाचता येतात. सुरुवात तिथूनच करा.

शोधताना एक अडचण हमखास येते. त्या काळचे मिशनरी 'अ' साठी रोमन यू आणि 'ऊ' साठी दोन ओ लिहीत. म्हणून नगरचे 'नगर' एन-यू-डबल जी-यू-आर असे दिसते आणि 'पंत' यू घालून. आजच्या स्पेलिंगने शोधले तर जे हवे ते बाहेरच राहते. प्रत्येक गावाची तीन-चार रूपे कागदावर मांडून मगच शोधखिडकीत टाका.

अहवालांतले तक्ते सुरुवातीला रुक्ष वाटतात, पण मला ते फार उपयोगी वाटतात. प्रत्येक मंडळीसमोर वर्षात कबुलीने किती आले, पत्राने किती आले, किती वारले, किती काढले, वर्षअखेर किती उरले, असे आकडे असतात. गावची वही हरवली असेल तर किमान त्या वर्षी त्या मंडळीत काही घडले का हे कळते, आणि वही हाती असेल तर तिची पाने गहाळ आहेत का ते ताडून पाहता येते. मुंबईत १८८२ मध्ये छापलेल्या मिशनच्या स्मरणग्रंथात १८१३ ते १८८१ पर्यंतच्या कामाचा आढावा आहे, तोही जरूर पाहावा. मराठीत 'ज्ञानोदय' आहेच. हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरला सुरू झाले. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि पुढे ते 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचे संपादक झाले. मंडळ्यांच्या बातम्या आणि मृत्युलेख यांसाठी त्याचे जुने अंक चाळण्यासारखे आहेत. एक सावधगिरी बाळगा. देणगीदारांसाठी लिहिलेल्या पत्रांत उत्साहाच्या बातम्या पुढे येतात, रुसवे-फुगवे मागे राहतात. एखाद्या प्रसंगाचे वर्णन हेरल्डमध्ये आणि सभावृत्तात वेगळे दिसले तर मी सभावृत्ताकडे झुकेन.

मिशनरी घराण्याचा शोध घेणाऱ्यांसाठी बॉस्टनचे काँग्रिगेशनल ग्रंथालय आहे (१८५३ पासूनचे). न्यू इंग्लंडमधल्या त्यांच्या मूळ चर्चची दफ्तरे वाचताना मात्र तिथे बऱ्याचदा दोन वह्या असतात हे ध्यानात ठेवा: एक सभासदांच्या मंडळीची, दुसरी इमारत आणि पगार सांभाळणाऱ्या पॅरिश किंवा सोसायटीची. मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३ पर्यंत चर्चसाठी कर गोळा व्हायचा, त्यामुळे दुसऱ्या वहीतला माणूस पहिल्या वहीत असेलच असे नाही.

सरकारी कागदांशी जुळवणी

भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा. त्याखाली लग्न लावणाऱ्याने रजिस्टर ठेवायचे आणि उतारे सरकारकडे पाठवायचे, अशी व्यवस्था होती. या कायद्याच्या कलम ६० मध्ये एतद्देशीय ख्रिस्ती वराचे वय सोळाच्या वर आणि वधूचे तेराच्या वर असावे अशी अट होती. त्यामुळे जुन्या दाखल्यावर 'सोळावर', 'तेरावर' असे दिसले तर ते खरे वय न मानता अट पुरी झाल्याचा शेरा माना आणि जन्मवर्ष दुसरीकडून काढा.

जन्म-मृत्यूसाठी गावचा नमुना नंबर १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, तो तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात शोधा. त्यात जातीचा उल्लेख असतो, म्हणून जात पडताळणीसाठी लोक तो आधीपासून धुंडाळतातच. मंडळीच्या वहीतली मृत्यूची तारीख आणि कोतवाल बुकातली तारीख यांत थोडा फरक असेल तर एक दफनाची आणि दुसरी वर्दी दिल्याची असू शकते. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याच्या ख्रिस्ती नोंदींचा 'एन/३' संग्रह आहे, पण त्यात मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन माणसे आहेत. नगरच्या खेड्यातल्या पूर्वजासाठी तिथे पैसे खर्च करणे शेवटच्या पायरीवर ठेवा.

प्रत्येक नोंद लिहिताना मंडळीचे नाव, वहीचा प्रकार, वर्षे, पान आणि अनुक्रमांक लिहा. मूळ शब्द जसाच्या तसा उतरवा आणि तुमचा अर्थ चौकटी कंसात वेगळा ठेवा. एखादे नाते ठरवायला किमान दोन वेगळ्या कागदांचा आधार मिळेपर्यंत ते वंशावळीत पेन्सिलनेच राहू द्या. शिस्तीच्या प्रकरणांत ज्यांचे वंशज आज गावात राहतात अशा घरांची नावे असतात, जातीचे उल्लेख असतात. ती पाने समाजमाध्यमांवर टाकू नका. दुसऱ्या घराच्या नोंदी त्या घराला दाखवा आणि पुढे काय करायचे ते त्यांना ठरवू द्या.

काम झाले की वहीच्या फोटोंचा पूर्ण संच पेनड्राइव्हवर आणि नावांची सूची छापील कागदावर मंडळीला द्या. सूचीत पान क्रमांक असू द्या, म्हणजे पुढच्या माणसाला मूळ वही उघडावीच लागणार नाही. सूचीच्या पहिल्या पानावर कोणती पाने वाचता आली नाहीत तेही लिहा.